बापाचं नाव, मुलाचा सूर: नंदू भेंडे, श्रीधर फडके आणि ड्वीझिल झॅपा

पाऊस आहे, त्यात शनिवार. चांदणी चौकापासून ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली आहे आणि तिच्यातून वाट काढून तुम्ही इथवर आलात. तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही.

मागच्या व्याख्यानानंतर गिटार शिकणाऱ्या एका मुलानं आम्हाला विचारलं होतं, ‘एखाद्या मोठ्या रॉकवाल्याचा मुलगा पण गिटारच वाजवायला लागला, तर त्याचं पुढं काय होतं?’ तेव्हा वेळ संपली होती म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. घरी जाताना मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. गवयाचा मुलगा गवई, तबलजीचा मुलगा तबलजी, हे आपल्याला नवीन नाही. आपण त्याला घराणं म्हणतो आणि गप्प बसतो. पण रॉकला घराणं नाही. रॉक म्हणजे मुळात बापाला आवडत नाही असं संगीत. मग त्याचा वारसा कसा चालायचा?

आणि वारसा हा शब्द मुळशीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सातबारा, वारसनोंद, फेरफार, हिस्से. इथल्या प्रत्येक घरात निदान एक तरी माणूस तलाठ्याकडे खेटे घालून आलेला आहे. (हशा) म्हणून आज आपण तीन मुलांकडे बघू. एक मुंबईचा मराठी रॉक गायक, एक मराठी संगीतकार आणि एक अमेरिकेतला गिटारवाला. सगळ्यात जास्त वेळ आम्ही पहिल्याला देणार आहोत, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं गेलंय.

तर नंदू भेंडे.

वडील आत्माराम भेंडे. इथं पन्नाशीच्या पुढची जी मंडळी बसली आहेत त्यांना आत्माराम भेंडे कोण हे विचारणं म्हणजे अपमान आहे. बबन प्रभूंनी लिहिलेले ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ हे फार्स, आणि बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे ही जोडी. मराठी रंगभूमीवर फार्स हा प्रकार रुजवला तो या दोघांनी. फार्समध्ये गोष्ट फारशी नसते. असतो तो वेग. एक दार उघडतं, दुसरं लागतं, चुकीचा माणूस बरोबर वेळेला आत येतो, आणि एक वाक्य अर्धा सेकंद जरी उशिरा पडलं तरी हशा गेला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आई आशा भेंडे. त्याही रंगभूमीवरच्या अभिनेत्री. त्यांचं माहेरचं नाव लिली इझिकेल. बेने इस्रायल समाजातल्या. म्हणजे कोकण किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. अलिबागकडच्या गावांत त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे. लिलीबाईंचे भाऊ म्हणजे निस्सीम इझिकेल, भारतात इंग्रजीत कविता लिहिणाऱ्यांमधलं फार मोठं नाव. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता हे घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांकडून मराठी नाटक, मामाकडून इंग्रजी कविता, आई दोन समाजांच्या मधोमध. अशा घरातल्या मुलानं गाणं निवडलं, आणि तेही भावगीत नाही, नाट्यगीत नाही, तर रॉक. वरवर बघितलं तर हे बंड वाटतं. आम्हाला मात्र ते तितकंसं बंड वाटत नाही. का ते सांगतो, पण आधी तो काळ बघू.

साठचं दशक संपताना मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासमध्ये कॉलेजच्या पोरांचे बँड निघाले. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, पुढं जिमी हेंड्रिक्स. रेकॉर्ड कुणाच्या तरी परदेशी मामाकडून यायची आणि दहा जण ती झिजेपर्यंत ऐकायचे. गाण्याचे शब्द कानानं उतरवून घ्यायचे, चुकीचे उतरले तर चुकीचेच गायचे. वाद्यांची तर बोंबच होती. परदेशी इलेक्ट्रिक गिटार आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. इथं बनलेल्या गिटारवर भागवायचं, आणि ॲम्प्लिफायर कुणा ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुळवून घ्यायचा. तार तुटली की कार्यक्रम गेला. आज तुम्ही मोबाईलवर बोट दाबता आणि तारांचा संच घरपोच येतो. त्या पोरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं.

एका सिगारेट कंपनीनं सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा भरवली होती. तिच्या १९७० आणि १९७१ सालच्या दोन रेकॉर्ड निघाल्या, आणि आज परदेशातले शौकीन त्या भरपूर पैसे मोजून विकत घेतात. १९७१ च्या सुमाराला मळवलीला स्नेहयात्रा नावाचा रॉकचा मोठा मेळावा झाला. मळवली म्हणजे कार्ला-भाजे लेण्यांचं स्टेशन, आपल्या मुळशीच्या डोंगरापलीकडे. अमेरिकेत १९६९ साली वूडस्टॉक झालं, आणि दोन वर्षांत त्याचं वारं मावळात पोचलं. पुढं आपल्याच तालुक्यात ॲम्बी व्हॅलीत संगीताचे मोठे महोत्सव भरले, तेव्हा अनेकांना वाटलं की या डोंगरांनी हा आवाज पहिल्यांदाच ऐकला. तसं नाही.

या सगळ्या गर्दीत नंदू भेंडे गात होते. व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमधून. भेंडे हे आडनाव त्या गर्दीत अगदी वेगळं. तिथं बहुतेक मंडळी गोव्याची, पारशी, अँग्लो-इंडियन, नाहीतर बड्या इंग्रजी शाळांतली. मराठी नाटकवाल्याचा मुलगा तिथं माइकसमोर उभा राहतो ही त्या काळी सहज पचणारी गोष्ट नव्हती. इकडच्यांना तो परका, तिकडच्यांना तोही परका.

मग सत्तरच्या दशकाच्या मध्याला अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतक बसवलं. पदमसी म्हणजे जाहिरातींच्या जगातलं मोठं नाव आणि इंग्रजी रंगभूमीवरचे दिग्दर्शक. ‘गांधी’ चित्रपटात त्यांनी जीना केले होते, त्यावरून काहींना चेहरा आठवेल. अँड्र्यू लॉइड वेबरचं संगीत आणि टिम राइसचे शब्द असलेली ही कलाकृती १९७० साली आधी रेकॉर्ड म्हणून आली आणि मग रंगमंचावर. ती येशूच्या शेवटच्या आठवड्याची गोष्ट सांगते. पण सांगते कुणाच्या बाजूनं? ज्यूडासच्या. ज्यानं येशूला पकडून दिलं तो ज्यूडास. नाटकातलं पहिलं गाणं त्याचं, आणि शेवटाकडे येणारं नावाचं गाणंही त्याचं. येशूला शांतपणे सोसायचं असतं. तडफडायचं, चिडायचं, ओरडायचं, पश्चात्तापानं फुटायचं, हे सगळं ज्यूडासला. म्हणजे त्या संगीतकातला खरा रॉक गायक ज्यूडास. ती भूमिका नंदू भेंड्यांनी केली आणि त्यांचं नाव झालं.

इथं एक क्षण थांबू. गळा चांगला असलेली माणसं त्या वेळी मुंबईत कमी नव्हती. पण ज्यूडासला नुसतं गाऊन भागत नाही. त्याला चालावं लागतं, वळावं लागतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघत गावं लागतं, आणि गाण्याच्या मध्ये थांबून योग्य क्षणी पुन्हा सुरू करावं लागतं. हे बँडमध्ये कुणी शिकवत नाही. हे नाटकवाल्यांच्या घरात शिकायला मिळतं. न शिकवताच मिळतं खरं तर. मघाशी फार्सच्या वेगाचं लक्षात ठेवा म्हणालो होतो, ते यासाठी. वडिलांनी मुलाला गाणं दिलं नाही, पण रंगमंचावर पाय कसा टेकवायचा हे दिलं. बापाच्या घरातून लांब पळालेला मुलगा फिरून बापाच्याच व्यवसायात सापडला, फक्त भाषा इंग्रजी आणि हातात संवादाऐवजी गाणं.

आणि मग तो मराठीतही आला. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनं १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. मूळ नाटक बर्टोल्ट ब्रेश्टचं, संगीत कुर्ट वाइलचं, साल १९२८, आणि तेही त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या एका इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. मराठीत आणलं पु. ल. देशपांड्यांनी, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. गुंड, पोलीस, भिकाऱ्यांचा व्यापार करणारा शेठ, वेश्यावस्ती. सगळे एकमेकांना विकायला बसलेले. यातला गुंडांचा म्होरक्या अंकुश, म्हणजे मूळ नाटकातला मॅक, ती भूमिका नंदू भेंड्यांकडे आली.

ही निवड आम्हाला आजही फार हुशारीची वाटते. या नाटकात लावणी आहे, नाट्यसंगीत आहे, आणि शिवाय पाश्चात्य ढंगाचं गाणं आहे. प्रत्येक पात्राच्या गाण्याचा बाज त्याची लायकी सांगतो. अंकुश हा स्वतःला सगळ्यांपेक्षा वेगळा, शहरी, झकपक समजणारा माणूस. त्याच्या तोंडी पाश्चात्य ढंग शोभतो. नुसत्या नाट्यसंगीतात वाढलेल्या नटाकडून हे गाऊन घेतलं असतं तर ते नक्कल वाटलं असतं. नंदू भेंड्यांच्या गळ्यात ते मूळचंच होतं, आणि मराठी उच्चार घरचे. दोन्ही एका माणसात असणं ही त्या घराची देणगी. मघाशी इकडं परका आणि तिकडंही परका म्हणालो, तेच परकेपण इथं उपयोगी पडलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. हिंदी चित्रपटात ते थोडं गायले. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणं तुम्ही ऐकलेलं आहे, मिथुनचा सिनेमा आहे, वरातीत वाजलेला आहे. गाणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही एवढंच. (हशा) मग दूरदर्शन आणि पुढं खासगी वाहिन्या आल्या, मालिकांना संगीत लागायला लागलं, त्या कामात ते रमले. जुनी रॉक गाणी घेऊन कार्यक्रमही करत राहिले. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ज्याला रॉक स्टार म्हणतात तसं काही झालं नाही. होणारच नव्हतं. कारण नुसत्या कार्यक्रमांवर रॉक गायक जगत नाही, त्याला रेकॉर्ड काढणारी कंपनी लागते. आपल्याकडच्या कंपन्यांना सिनेमाची गाणी विकून भरपूर पैसा मिळत होता. चार पोरांनी केलेली इंग्रजी गाणी छापून त्यांना काय मिळणार होतं? त्यामुळे सत्तरच्या दशकात जे जोरदार वाजलं त्यातलं फार थोडं ध्वनिमुद्रित झालं. बाकीचं हवेत गेलं.

आणि खरा मुद्दा इथं सुरू होतो. वारसा कशाचा होतो? जे मागं राहतं त्याचा.

म्हणून आता दुसऱ्या मुलाकडे जाऊ, श्रीधर फडक्यांकडे. वडील सुधीर फडके, आपले बाबूजी. आई ललिताबाई, त्याही पार्श्वगायिका. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचं. वर्षभर, आठवड्याला एक, अशी ५६ गाणी. पुढं बाबूजींनी ती गावोगाव एकट्यानं गायली. या भागातही जुन्या लोकांना बॅटरीवरच्या रेडिओभोवती बसून ती ऐकल्याचं आठवतं.

अशा बापाच्या मुलानं संगीतकार व्हायचं म्हणजे वडाखाली रोप लावायचं. श्रीधर फडक्यांनी काय केलं बघा. ते एअर इंडियात नोकरी करत राहिले आणि बाजूला चाली बांधत राहिले. त्यांच्या पहिल्या चालींपैकी एक ज्ञानेश्वरांच्या हरिपाठातला पहिला अभंग, ‘देवाचिये द्वारी’. आणि तो गायला कोण? स्वतः बाबूजी. म्हणजे मुलगा संगीतकार आणि बाप गायक. ‘फिटे अंधाराचे जाळे’ हे सुधीर मोघ्यांचं गीतही असंच, चाल मुलाची, गळा वडिलांचा. हे चित्र आम्हाला फार आवडतं. नाहीतर एरवी आपल्याकडे बाप मुलाच्या हाताखाली काम करायला तयार होतो का? ट्रॅक्टरची किल्ली द्यायला साठी उलटावी लागते. (हशा)

पुढं सुरेश वाडकरांच्या आवाजात ‘ओंकार स्वरूपा’ आलं, आशाबाईंच्या आवाजात ‘ऋतु हिरवा’ आलं, आणि श्रीधर फडके या नावाला बापाच्या नावाची टेकू लागेनाशी झाली. २००२ साली बाबूजी गेले. त्यानंतर श्रीधर फडके गीतरामायणाचे कार्यक्रम करत आहेत. लोक येतात ते अर्थात गीतरामायणासाठी येतात. पण समोर बसलेला माणूस नुसता बाबूजींचा मुलगा नाही, त्याच्या स्वतःच्या चाली त्याच श्रोत्यांच्या घरात रोज वाजतात. या क्रमाला महत्त्व आहे. आधी आपलं, मग बापाचं.

आता तिसरा. ज्याच्यावरून त्या मुलानं प्रश्न विचारला असावा असा आमचा अंदाज आहे तो, ड्वीझिल झॅपा.

वडील फ्रँक झॅपा. १९४० चा जन्म, १९९३ च्या डिसेंबरात कर्करोगानं मृत्यू. बावन्न वर्षांच्या आयुष्यात साठच्या वर अल्बम. रॉक, जाझ, पाश्चात्य शास्त्रीय आणि चावट विनोद हे सगळं एका भांड्यात शिजवणारा माणूस. मुलाचा जन्म सप्टेंबर १९६९. बायकोच्या पायाच्या वाकड्या करंगळीला फ्रँक गमतीनं ड्वीझिल म्हणायचे, तेच नाव पोराला ठेवलं. इस्पितळानं ते लिहायला नकार दिला, म्हणून कागदावर चार भलतीच नावं लागली. पोराला पाचव्या वर्षी हे कळलं तेव्हा त्यानं हट्ट धरला, आणि मग वकिलामार्फत कागदोपत्री ड्वीझिल झालं. नाव हा या घराण्यात पहिल्यापासूनच भानगडीचा विषय.

बाराव्या वर्षी हातात गिटार. त्या काळी गिटारच्या जगात एडी व्हॅन हेलन हे सगळ्यात चमकणारं नाव, आणि या पोराच्या पहिल्या गाण्याचं काम त्यानंच बघितलं. बापाच्या नावानं दारं कशी उघडतात ते बघा. पण लक्षात घ्या, मुलगा वाजवत होता ते बापासारखं नाही, व्हॅन हेलनसारखं. पुढं त्यानं एमटीव्हीवर निवेदन केलं, स्वतःचे अल्बम काढले, भाऊ अहमेट याच्याबरोबर झेड नावाचा बँड केला. यातलं काही फार गाजलं नाही.

मग फ्रँकना जाऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की तरुण पोरांना आपला बाप माहीतच नाही. तेव्हा त्यानं ठरवलं की वडिलांचं संगीत पुन्हा रंगमंचावर आणायचं. आणि इथं खरी गंमत आहे. वयाच्या पस्तिशीत, चांगला नावाजलेला गिटारवादक असताना, त्यानं जवळजवळ दोन वर्षं पुन्हा विद्यार्थ्यासारखी घालवली. उजव्या हाताची सवय मोडली. फ्रँकची एक रचना आहे, ‘द ब्लॅक पेज’. मुळात ड्रमसाठी लिहिलेली. कागदावर स्वरचिन्हांची एवढी दाटी की पान काळं दिसतं, म्हणून हे नाव. असल्या रचना, ज्या खुद्द फ्रँकसुद्धा गिटारवर वाजवत नसत, दुसऱ्या वाद्यांना देत असत, त्या या मुलानं गिटारवर बसवल्या. २००६ साली ‘झॅपा प्लेज झॅपा’ या नावानं दौरा निघाला. २००९ साली वडिलांच्याच एका रचनेच्या वादनासाठी त्याला ग्रॅमी मिळालं.

गीतरामायण गाणारे श्रीधर फडके आणि हा, दोघांचं काम एकच. फक्त क्रम उलटा. ड्वीझिलला बापाच्या संगीतानं उभं केलं.

आणि मग कागद आले. झॅपांच्या घरात तळघरात ध्वनिफितींचं मोठं कोठार होतं. फ्रँक सगळं जपून ठेवायचे, प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक तालीम. २०१५ साली आई गेल वारली. ट्रस्टच्या कागदात चार भावंडांचे हिस्से निघाले. धाकटा अहमेट आणि धाकटी दीवा यांना ३०-३० टक्के, थोरली मून आणि ड्वीझिल यांना २०-२० टक्के. कारभार धाकट्यांकडे. २०१६ साली ट्रस्टनं कळवलं की ‘झॅपा प्लेज झॅपा’ हे नाव आमच्या मालकीचं आहे, परवानगीशिवाय वापरायचं नाही. म्हणजे झॅपा आडनावाच्या माणसानं झॅपा या नावानं झॅपांचं संगीत वाजवायचं नाही. त्यानं चिडून दौऱ्याचं नाव बदललं आणि त्या नोटिशीचाच उल्लेख नव्या नावात घातला. भावांनी आपापली बाजू वर्तमानपत्रांत मांडली. २०१८ मध्ये समेट झाल्याचं जाहीर झालं. २०२२ साली युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीनं ते कोठार, हक्क, नाव, सगळं विकत घेतलं.

ही गोष्ट वाचताना आम्हाला सारखं वाटत होतं की हे कॅलिफोर्नियात नाही, हिंजवडीत किंवा भूगावात घडतंय. बापानं कमावलेलं, आईच्या नावावर राहिलेलं, मग कुणाला जास्त, कुणाला कमी, मग नोटीस, मग पंचायत, मग शेवटी मोठी कंपनी येते आणि सगळंच घेऊन टाकते. ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा आपल्याला झोंबला तो उगाच नाही. कोण बरोबर आणि कोण चूक हे आम्ही सांगणार नाही. आईनं तसे हिस्से का केले हे तिलाच ठाऊक. पण एक फरक आहे. जमीन गेली की पोराकडे काही उरत नाही. ड्वीझिलचं नाव अडवलं, तरी ती दोन वर्षं त्याच्या बोटांतून कुणाला काढून घेता आली नाहीत. कार्यक्रम नाव बदलून चालूच राहिले.

आता पुन्हा नंदू भेंड्यांकडे येऊ. त्यांच्या बाबतीत असलं काहीच भांडण नाही. का? तळघरात कोठार नाही. रेकॉर्ड कंपनीनं जे छापलंच नाही त्याचे हिस्से कोण मागणार? ज्यूडास मुंबईत ज्यांनी बघितला ते आज सत्तरीला आलेत. ‘तीन पैशाचा तमाशा’ बघितलेले इथं दोघं-तिघं असतील. हात वर करा बघू. एक, दोन. काका, तुम्ही बघितलात? भरत नाट्यला? वा. तर हे असं आहे. झॅपांच्या पोरांना मिळालं ते वाटून घेण्यासाठी भांडावं लागलं, आणि इथं मागं राहिलं ते बघणाऱ्यांच्या आठवणीत. आम्हाला विचाराल तर आमची खरी तक्रार ही आहे. नाटकाच्या प्रती छापल्या जातात, फार्स अजून गावोगाव हौशी मंडळी करतात, म्हणजे आत्माराम भेंड्यांच्या कामाचा धागा चालू राहतो. मुलाच्या कामाचा तसा धागा धरायला काही हाताशी नाही.

११ एप्रिल २०१४ ला मुंबईत नंदू भेंडे हृदयविकारानं गेले. वडील तेव्हा नव्वदीत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये आत्माराम भेंडे गेले. दहा महिने. वारसाच्या कागदावर नेहमी बापाच्या नावाखाली मुलाचं नाव चढतं. इथं ते उलटं झालं.

बरं, वेळ होत आलीय. प्रश्न घेऊ.

(प्रश्न: त्या काळच्या मराठी मुलांनी मराठीत रॉक का केला नाही?)

चांगला प्रश्न आहे. एक तर ऐकलेलं सगळं इंग्रजीत, त्यामुळे शब्द आणि ठेका डोक्यात एकत्रच बसलेले. दुसरं, मराठीत शब्दाला फार मान. आपला श्रोता आधी कविता ऐकतो, मग चाल, मग वाद्य. रॉकमध्ये कित्येकदा गिटारच बोलते आणि शब्द तिच्या मागून येतो. हा उलटा क्रम आपल्या कानाला बेसूर वाटायचा. ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये ते जमलं कारण शब्द पुलंचे होते, प्रेक्षक शब्दांसाठी बसला होता आणि गिटारची चव त्याला नकळत लागली. आज मराठीत बँड आहेत, पोरं लिहितात, वाजवतात, आणि त्यांना हे अवघड वाटत नाही.

(प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे, गिटारचा हट्ट धरलाय. घेऊन देऊ का?)

दादा, हा प्रश्न आमच्या विषयात बसत नाही, पण उत्तर देतो. घ्या. फार महागडी नको. तारा खाली, बोटांना सोप्या जातील अशी बघून घ्या, नाहीतर पोरगं बोटं सोलवटून महिन्यात सोडून देईल. आणि एक विनंती. तो जे काही वाजवेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, वाईट वाजवलं तरी.

(प्रश्न: नंदू भेंड्यांचं ऐकायला कुठं मिळेल?)

‘डिस्को डान्सर’चं गाणं इंटरनेटवर सहज मिळतं, तिथून सुरू करा. या वेळी गाणाऱ्याकडे लक्ष देऊन ऐका. सिमला बीटच्या दोन्ही रेकॉर्डही मिळतात, त्यात त्या काळच्या बँडचा आवाज कसा होता ते कळेल. आणि घरात कुणा काका-मामाकडे ‘तीन पैशाचा तमाशा’ची किंवा सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही कार्यक्रमाची जुनी कॅसेट असेल, तर ती फेकू नका, आमच्याकडे आणून द्या. बुरशी आलेली असली तरी चालेल. आमच्यातल्या एकाकडे अजून चालू असलेला टेपरेकॉर्डर आहे.